बिननोंदीची सिस्टर

सुलेखाला दवाखान्यात घेतलं ते फरशी पुसायला. फर्दापूरच्या बाजूचं खेडं सोडून ती लग्न होऊन शहरात आली तेव्हा अंगात नववीची शाळा होती आणि डोळ्यांत अजिंठ्याचा डोंगर. बाप मोतीराम लेणी बघायला येणाऱ्या थकल्याभागल्या पाहुण्यांना खुर्चीत बसवून, चौघांच्या खांद्यावर, पायऱ्या चढवायचा. गुडघे गेले तशी त्यानं पोरीची शाळा थांबवली आणि भीमनगरातल्या राजेंद्रला देऊन टाकली. राजेंद्र वाळूजच्या कंपनीत कंत्राटावर होता. आज हाय, उद्या नाय, अशी ती नोकरी. तेव्हा घरात दुसरा हात हवाच होता.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत डॉक्टर सुदर्शनांनी नवाच दवाखाना काढला होता. तिथं सगीरा आधीपासून कामाला होती. तिनंच सुलेखाला नेलं. दोघींना विटकरी रंगाच्या साड्या मिळाल्या. मावशीची साडी विटकरी आणि सिस्टरचा कपडा पांढरा, असा तिथला रिवाज होता. पेशंटनं लांबून रंग बघायचा आणि कुणाला पाणी मागायचं, कुणाला दुखणं सांगायचं, ते ठरवायचं.

पांढरा रंग सुलेखाच्या घरात सणाचा. बुद्धपौर्णिमेला, धम्मचक्राच्या दिवशी विहारात जाताना नेसायची साडी पांढरी. तिची घडी वेगळी, तिची जागा पेटीत वरची. म्हणून दवाखान्यातल्या सिस्टर तो रंग रोज घालतात आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावर भाजीचे डाग पाडतात, याचं तिला फार नवल वाटायचं.

मग एक सिस्टर लग्न करून नाशिकला गेली. दुसरी आली ती टिकली नाही. वॉर्ड भरलेला होता, डेंग्यूची साथ होती. डॉक्टरसाहेबांनी फरशी पुसणाऱ्या सुलेखाकडं पाहिलं आणि म्हणाले, "हात धू, मोजे घाल, ये इकडं." त्या दिवशी तिनं पहिली सुई टोचली. आठवडाभरात विटकरी साडी सुटली आणि पांढरा कोट अंगावर आला. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. एकीनं विचारलंही, "अगं, तू नर्स झालीस?" सुलेखा नुसती हसली. त्या हसण्यात 'व्हय' होतं की 'नाय' होतं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरसाहेब म्हणाले होते, "पुढच्या वर्षी तुला कोर्सला बसवू." पुढच्या वर्षी म्हणाले, बारावी लागते. त्याच्या पुढच्या वर्षी काहीच म्हणाले नाहीत. पण पेशंट 'सिस्टर, सिस्टर' म्हणत राहिले. फुलंब्री-सिल्लोडकडची माणसं बरी होऊन जाताना तिच्या हातात शेंगा ठेवून जायची. भाजीवाला गयास जोखताना एक मूठ वर टाकायचा, "सिस्टर के वास्ते." सुलेखाला वाटायचं, मुंबईला कुठंतरी नर्सांच्या नोंदणीची मोठी वही असेल, असू दे. इथं आपली नोंद माणसांच्या तोंडात आहे.

दवाखान्याच्या भिंतीवर फ्रेमा होत्या. त्यात शिकलेल्या नर्सांची नावं, फोटो, नोंदणीचे नंबर. त्या बायांना दवाखान्यात कुणी कधी पाहिलं नव्हतं. एक म्हणे दुबईत होती. त्यांची फ्रेम भिंतीवर काम करायची आणि खाली सुलेखा काम करायची.

तपासणी असली की मात्र पंचाईत व्हायची. दवाखान्याची नोंदणी ठरावीक वर्षांनी नवी करावी लागते. तेव्हा साहेबलोक येऊन खाटा, शौचालयं, आग विझवायची नळकांडी आणि नर्स बघतात. सुलेखासारख्या बिननोंदीच्या आणखीही बाया होत्या, त्या कुठं ठेवायच्या? पहिल्यांदा त्यांना गच्चीवर बसवलं. तर साहेब पाण्याची टाकी बघायला नेमके गच्चीवर गेले. पांढऱ्या कोटातल्या बाया उन्हात पाय पसरून पापड वाळवावेत तशा बसलेल्या. तेव्हापासून डॉक्टरसाहेबांनी नामी युक्ती काढली. तपासणीच्या दिवशी ह्या बायांनी कोट उतरवायचा, घरची साडी नेसायची आणि खाटेवर पेशंट म्हणून झोपायचं. पेशंटला कुणी कागद मागत नाही. वर दवाखाना भरलेला दिसतो, ते वेगळंच.

बायांना तो दिवस आवडायचा. पाठ टेकायला मिळायची, चहा-बिस्कीट खाटेवर यायचं.

सुलेखाची लेक मोनाली मात्र खरी नर्स झाली. बारावी केली, नर्सिंगची सगळी वर्षं केली, परीक्षा दिल्या. मुंबईच्या कौन्सिलात तिचं नाव लागलं आणि नोंदणीचा नंबर आला तेव्हा राजेंद्रनं गल्लीभर जिलेबी वाटली. सुलेखानं ते प्रमाणपत्र विहारात नेऊन बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवलं आणि हात जोडून किती तरी वेळ उभी राहिली. मोनालीला पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यातून बोलावणं होतं. सुलेखानंच मोडता घातला.

"पुण्याला कशाला? आपल्या सरांकडं ये. माझ्या डोळ्यांपुढं राहशील."

"आई, तिथं शिकायला मिळतं."

"इथं मी हाय ना शिकवायला."

मोनाली बापाकडं बघून म्हणाली, "पप्पा, हिला सांगा." राजेंद्र म्हणाला, "मला काय कळतं त्यातलं? दोघी सिस्टर, तुम्हीच ठरवा."

खरी गोष्ट अशी होती की सुलेखाला एकदा, एका वॉर्डात, दोन पांढरे कोट बघायचे होते. एक आपला आणि एक लेकीचा. त्या हावेपायी तिनं लेकीला हाताला धरून डॉक्टर सुदर्शनांपुढं उभं केलं. आणि तेही अशा दिवसांत की आता भिंतीवरच्या फ्रेमा चालेनाशा झाल्या होत्या. संगणकावर नंबर टाकला की नर्स सध्या कुठं आहे ते कळायला लागलं होतं. डॉक्टरसाहेबांनी मोनालीचं प्रमाणपत्र उजेडात धरून पाहिलं आणि जागचे उठले. सुलेखाला इतक्या वर्षांत ते कधी 'बस' म्हणाले नव्हते. मोनालीला म्हणाले, "बसा ना, सिस्टर."

सुलेखा उभीच होती. तिला तेव्हा आनंदच झाला.

आनंद फार टिकला नाही. मोनालीनं पहिल्याच हप्त्यात आईचा हात धरला. "थांब. ह्या इंजेक्शनाआधी कातडीखाली थोडंसं टोचून बघायचं असतं, अंगावर उठतं का ते."

"मी आजवर देत आले."

"देत आलीस म्हणून बरोबर होत नाही."

वॉर्डातल्या पेशंटांनी ऐकलं. सुलेखानं सुई ट्रेमध्ये ठेवली आणि खिडकीचा पडदा नीट करायला गेली. पडदा नीटच होता.

मग तपासणीची तारीख आली. डॉक्टरसाहेबांनी सुलेखाला बाजूला घेतलं. "मोनालीला आपल्या पद्धतीचं काही सांगू नको. नवी आहे, घाबरेल. उद्या ती तपासणीच्या मॅडमबरोबर फिरेल, तू नेहमीसारखी खाटेवर." सुलेखानं मान हलवली. घरी लेकीला म्हणाली, "सरांनी जुन्या बायांना उद्या सुट्टी दिली." लेकीपेक्षा तिला डॉक्टरचा शब्द मोठा वाटला. इतक्या वर्षांची सवय होती ती.

दुसऱ्या दिवशी सुलेखा मागच्या दारानं आत आली. घरची निळी साडी नेसून खाटेवर पडली. शेजारच्या खाटेवर सगीरा. ती अजून विटकरी साडीतच काम करायची, पण हाताला हात म्हणून सलाईन तीही बदलायची. तिच्या हाताला नुसतीच पट्टी लावून नळी चिकटवली होती. सुलेखाच्याही.

"अगे, तेरेकू कौनसी बीमारी दिये?"

"ताप. तुला, आपा?"

"मेरेकू पथरी. पिछली बार भी पथरीच दिये थे. इत्ते सालां में निकली नहीं क्या पूछे, तो क्या बोलूँ?"

"सांग, सरकारी पथरी हाय. फाइल सरकल्याशिवाय निघत नाय."

सगीरा तोंडात पदर कोंबून हसली. "हँसा नक्को बावा. पथरीवाली हँसती क्या कभी?"

तेवढ्यात दारात माणसं आली. पुढं तपासणीच्या मॅडम, जाड चष्म्याच्या. मागं दोन कारकून. डॉक्टरसाहेब इस्त्रीच्या कपड्यात. आणि मॅडमच्या शेजारी मोनाली. कडक पांढरा कोट, छातीवर नावाची पट्टी, केस जाळीत बांधलेले.

"सिस्टर, तुमचा रजिस्ट्रेशन नंबर?"

मोनालीनं न बघता म्हणून दाखवला. लहानपणी वंदना म्हणायची तसा, एका दमात. सुलेखाचा ऊर भरून आला. चादरीखालून तिनं लेकीकडं पाहिलं, आणि नेमकं तेव्हाच मोनालीनं तिच्याकडं पाहिलं.

तिनं शेजारी पाहिलं, सगीरा. तिच्या पलीकडं दुसरी बाई. तिला समजायला वेळ लागला नाही.

मॅडम एकेक खाट बघत सुलेखापाशी थांबल्या. "ह्यांना काय होतंय?"

"ताप आहे, मॅडम. कालच..." डॉक्टर सुरू झाले.

"मी सिस्टरना विचारलं."

मोनाली 'ही माझी आई आहे' म्हणाली असती, तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं. दवाखान्याची नोंदणी गेली असती आणि सुलेखाचा कोट गेला असता. खोटं बोलली, तर ते आत्ता म्हणून दाखवलेल्या नंबराखाली जाणार होतं. सुलेखाला हे दिसत होतं. दिसूनही तिनं डोळ्यांनी लेकीपुढं पदर पसरला.

"ताप," मोनाली म्हणाली.

"मग सलाईन चालू का नाही? थेंब पडत नाहीये."

डॉक्टर म्हणाले, "अरे! सिस्टर, नवीन लावा बघू."

मोनालीनं ट्रे आणला. मोजे घातले. पट्टी काढली, तेव्हा आईच्या हातावर टोचल्याची कुठंच खूण नव्हती. तिनं आपल्या अंगाचा आडोसा केला, मॅडमला दिसू नये म्हणून. मग ती वाकली. इतकी वाकली की तिचा श्वास सुलेखाच्या कपाळाला लागला.

"मावशी," मोनाली म्हणाली, "मूठ आवळा."

सुलेखानं मूठ आवळली. "व्हय, सिस्टर."

सुई पहिल्याच फटक्यात शिरेत गेली. दुखलंसुद्धा नाही. ठणठणीत बाईच्या अंगात मिठाचं पाणी थेंबथेंब जायला लागलं. मॅडमनी वाकून नळी बघितली, मग सुलेखाच्या तोंडाकडं बघितलं.

"हात हलका आहे ना सिस्टरचा?"

"लई हलका," सुलेखा म्हणाली. "लई चांगल्या हायेत आमच्या सिस्टर."

"छान. बऱ्या व्हा." मॅडम पुढं गेल्या. त्यांना कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. सगीराच्या पथरीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

सगळे गेल्यावर मोनाली परत आली. सलाईन बंद केलं, सुई काढली, कापूस ठेवला. "दाबून धर," एवढंच म्हणाली आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. सुलेखा कापूस दाबत मागोमाग.

आत पेढ्यांचा डबा उघडलेला होता. डॉक्टरांनी पुढं केला. मोनालीनं घेतला नाही.

"सर, ज्यांची नोंदणी नाही त्यांनी इथून पुढं सुईला, सलाईनला हात लावायचा नाही. लावला तर मी ड्युटीच्या कागदावर सही करणार नाही. मला पुण्याला अजून जागा आहे."

डॉक्टर सुदर्शनांनी लेकीकडं पाहिलं, मग आईकडं. माणूस हुशार. दोन सिस्टरांपैकी कुणाचं वजन जास्त ते त्यांना पेढा तोंडात असतानाच समजलं.

"बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर. सुलेखा, उद्यापासून तू मावशीच्या साडीत ये. लेकीच्याच हाताखाली. घरच्या घरी, काय?"

"सर, मी किती वर्षं..."

"कायदा आहे, सुलेखा. मी काय करणार?"

कायदा कालही होता, परवाही होता, डेंग्यूच्या साथीतही होता. तेव्हा तो भिंतीवर फ्रेमेत निजला होता. आज जागा झाला तो पहिल्यांदा सुलेखाच्या अंगावरच धावला, ज्यानं त्याला निजवलं त्याच्या नाही. तिनं हातातला कापूस केराच्या डब्यात टाकला. कुठल्या डब्यात टाकायचा ते लेकीनं शिकवलं होतं, पिवळ्या डब्यात.

घरी भाकरी थापताना तिचा बांध फुटला.

"मला काढायला लावलंस ना?"

"मी काढा म्हणाले नाही. हात लावू नका म्हणाले."

"सिस्टरचा हात काढला तर मागं काय राहतं? फडकं."

"आई, उद्या एखादा पेशंट दगावला तर कुणाचं नाव निघंल? माझं. तुझं नाव कुठंच नाही. चूक झाली तर माणसानं कुणाला धरावं, म्हणून नोंद असते. शोभेला नसते."

"माझ्या हातून चूक झाली नाय."

ती बोलली खरी, पण हात परातीतच थांबला. कन्नडच्या एका म्हाताऱ्याच्या कुल्ल्यात तिनं टोचलेल्या जागी गळू झालं होतं. पुढं ते चिरावं लागलं. म्हातारा लंगडत घरी गेला. कुणी विचारलं नाही, कारण विचारायला कागदावर कुणी नव्हतंच. ते तिनं त्या दिवशी गिळलं होतं, आजही गिळलं.

"नाव नाय म्हणून तर त्यांचा दवाखाना चालला इतके दिवस," ती म्हणाली.

"तेच म्हणते मी."

"तू मला मावशी म्हणालीस."

मोनालीचे डोळे भरले. "तू मला सिस्टर म्हणालीस की."

राजेंद्र दोघींच्या मधून उठला आणि नळाला पाणी आलं का बघायला म्हणून बाहेर गेला. त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती.

सकाळी सगीरा हाक मारायला आली. "चल गे. मेरेकू क्या, साड़ी तो साड़ी. पगार तो वहीच है." सुलेखा उठली नाही. मोनाली दारात बराच वेळ बुटांचे बंद बांधत राहिली. मग एकटी गेली.

महिनाभर सुलेखा घरात बसली. गल्लीत बाया विचारायच्या, "सिस्टर, सुट्टी का?" मग एक दिवस ती शहर संपतं तिथवर गेली. पत्र्याच्या घरांची वस्ती. गवंडी, वीटभट्टीवाले, कचरा वेचणारे. तिथं एका गाळ्यात दवाखाना होता. पाटीवर डॉक्टरच्या नावापुढं अक्षरांची आगगाडी होती, पण ती अक्षरं वाचू शकेल असं तिथं कुणी राहत नव्हतं. आत बसलेल्या माणसानं विचारलं, "सुई येते?"

"येते."

"कागद?"

"नाय."

"बरं झालं. कागदवाल्या इथं टिकत नाहीत."

सुलेखानं पेटीतून कोट काढला, नीळ घालून धुतला आणि तिकडं जायला लागली. मोनालीनं वाळत टाकलेला कोट पाहिला. आई कुठं जाते ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर नर्स म्हणून तिला काहीतरी करावं लागलं असतं. एका खोलीत दोन पांढरे कोट दोरीवर शेजारी वाळायचे आणि मायलेकी एकमेकींशी भाजी-भाकरीपुरतं बोलायच्या.

इथं तपासणी येत नाही. जिथवर डांबर जातं तिथवरच साहेबलोक जातात. लेकीनं जो नियम लावला तो बरोबर होता, हे सुलेखाला आतून ठाऊक होतं. पण त्या नियमानं तिला सुई सोडायला लावली नाही. फक्त ज्यांच्या बाजूनं बोलायला मोनाली नाही, अशा माणसांकडं सुई धाडून दिली.

परवा तिथं एक बाई आली. कडेवर तापानं फणफणलेलं पोर. डॉक्टरनं फडताळातली बाटली काढून सुलेखापुढं सरकवली. बाटलीवरचा कागद घासून पुसट झालेला.

"कशाची हाय, डॉक्टर?"

"तापाची. दे."

सुलेखानं बाटली उजेडात धरली. वाचता येईना. आधी थोडंसं टोचून बघावं, हे मनात आलं. तेवढ्यात तो म्हणाला, "बाहेर अजून लोक आहेत, बाई." त्याच्या तोंडचं 'बाई' तिला टोचलं. पोराची आई मात्र मोठ्या भरवशानं तिच्याकडं बघत होती.

"सिस्टर, पोरगं दुखवू नका बरं. तुमचं नाव काय हो? उद्या परत यावं लागलं तर कुणाला विचारू?"

सुलेखानं पोराचा दंड पुसला.

"नावाचं काय करतीस, बाई? नुसतं सिस्टर म्हण," ती म्हणाली आणि सुई भरली.